बिनभट्टीचा फराळ

दिवाळी अंकात टीकाकाराने काय करावयाचे, हे जवळजवळ ठरून गेलेले आहे. त्याने वर्षभरातल्या एखाद्या कादंबरीची कानउघाडणी करावी, एखाद्या कवीच्या पाठीवर थाप मारावी आणि 'आपले वाङ्मय कोठे चालले आहे' अशी चिंता वाहून फराळाच्या ताटाकडे वळावे. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा रिवाज थोड्याफार फरकाने चालत आला आहे. मीही तो इमानाने पाळला आहे. यंदा मात्र मी ताटाकडे वळतो आहे तो टीका संपवून नव्हे, तर टीका करण्याकरिताच. माझ्यासमोर कादंबरी नाही. एका साप्ताहिक पुरवणीतले, वीतभर लांबीचे, पाककृतीचे कात्रण आहे. तेही फाटलेले आणि चिकटपट्टीने जोडलेले. ते का फाटले, हे पुढे येईलच.

पाककृती हा मराठीतला सर्वांत अधिक वाचला जाणारा आणि सर्वांत कमी तपासला जाणारा वाङ्मयप्रकार आहे, असे माझे मत होऊ लागले आहे. कथा वाईट निघाली तर वाचक पान उलटतो. त्याचे फारसे काही बिघडत नाही. पाककृती वाईट निघाली तर वाचक ती खातो. इतक्या जवळून वाचकाच्या देहात शिरणाऱ्या लेखनाला समीक्षक नसावा, हे नवलच म्हटले पाहिजे.

आता हकीगत सांगतो. आमच्या घरी माझी थोरली बहीण, म्हणजे आक्का, गेली सहा वर्षे राहते आहे. तिला मधुमेह आहे आणि गोडाची आवडही आहे. माझी नात बारा वर्षांची. आक्काआजीवर तिचा जीव. उन्हाळ्याच्या सुटीत तिने हे कात्रण शोधून काढले. त्यात मुलांनाही करता येतील असे, दहा मिनिटांत होणारे, साखर नसलेले, 'न भाजता' करावयाचे पौष्टिक लाडू सांगितले होते, आणि ते मधुमेह्यांनीही मनसोक्त खावेत असे आश्वासन शेवटी दिले होते. कृती दोन प्रकारची होती. एक, नाचणीचे पीठ, गूळ आणि तूप कालवून वळावयाचे लाडू. दुसरी, खजूर आणि सुका मेवा वाटून केलेले लाडू. पोरीने दोन्ही केले. घरात कौतुक झाले. मीही केले.

नाचणीच्या लाडवाला कच्चट वास होता आणि घशात पीठ बसत होते. पण नातीने केलेला लाडू नाकारील असा आजोबा अजून जन्माला यायचा आहे. दुसऱ्या दिवशी घरातल्या दोघांची पोटे बिघडली. दोष लाडवांचाच होता, हे कोर्टात सिद्ध करता येणार नाही. म्हणून ते तेवढ्यावरच सोडतो. खजुराचे लाडू मात्र चवीला उत्तम होते. आक्का ते रोज तीन खाऊ लागली. संपले की नात पुन्हा करी. तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी झाली, तेव्हा साखरेचा आकडा चांगलाच चढलेला होता. डॉक्टरांनी खाण्यात काय बदलले म्हणून खोदून विचारले आणि लाडू निघाले. त्या संध्याकाळी पोरीने कात्रण फाडले आणि पंधरा दिवस ती स्वयंपाकघरात पाऊल टाकीना. आजीला आपणच आजारी केले, असे तिने मनाशी घेतले होते.

माझा टीकालेख येथून सुरू होतो. दोष पोरीचा नव्हता, खजुराचाही नव्हता. दोष शब्दांचा होता, आणि शब्दांचा दोष दाखवणे हा माझा चाळीस वर्षांचा धंदा आहे. कात्रणातले तीन शब्द घेऊ.

पहिला शब्द 'न भाजता'. हा शब्द परदेशातून आला आहे. ज्या देशांत घरोघरी भट्टीवजा ओव्हन असतो, तेथे बिस्किटे, केक, पाव हे सारे त्या ओव्हनमध्ये होते. उन्हाळ्यात ओव्हन पेटवून घर तापवणे नको, किंवा मुलांच्या हाताखाली ती धग नको, म्हणून तिकडच्या गृहिणींनी ओव्हनशिवाय होणारे पदार्थ काढले. बिस्किटांचा चुरा आणि लोणी थापून शीतकपाटात घट्ट करावयाच्या वड्या, किंवा अमेरिकेतली ती ओटची बिस्किटे, जी करताना साखर, दूध, लोणी आणि कोको आधी चुलीवर चांगले उकळून घेतात आणि मग त्यात ओट मिसळतात. म्हणजे 'नो-बेक'चा अर्थ 'अग्नीवाचून' असा नाहीच; त्याचा अर्थ 'भट्टीवाचून' एवढाच. भाषांतरकाराने शब्दकोश उघडला, 'बेक' म्हणजे 'भाजणे' असे पाहिले आणि 'न भाजता' असे लिहून तो मोकळा झाला.

मराठी स्वयंपाकघरात भाजणे ही क्रिया भट्टीत नव्हे, कढईत होते. आपल्याकडे घरात भट्टी होतीच कोठे? चूल होती, शेगडी होती, स्टोव्ह होता. माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी नानकटाईचे पीठ घरी मळून, थाळ्यात गोळे मांडून, आम्ही मुले ते थाळे गल्लीच्या टोकाच्या बेकरीत भाजायला नेऊन देत असू आणि उलट येताना गरम पत्र्यावरची एखादी नानकटाई वाटेतच गडप होई. तो एक अपवाद वगळता आमचा सारा फराळ बिनभट्टीचाच होता. लाडू, करंजी, चकली, शेव, चिवडा, अनारसे ह्यांतला एकही पदार्थ भट्टीत जात नाही. तेव्हा 'बिनभट्टीचा फराळ' ही आपल्याला नवलाई नव्हे; ती आपली वहिवाट आहे.

आणि ह्या वहिवाटीचा प्राणच मुळी भाजण्यात आहे. थालीपिठाच्या पिठाला आपण पीठ म्हणत नाही, 'भाजणी' म्हणतो. क्रियेचेच नाव पदार्थाला मिळावे, इतका त्या क्रियेचा मान! बेसन खमंग होईपर्यंत मंद आचेवर हलवीत राहणाऱ्या बाईला कोणी रसायनशास्त्र शिकवलेले नव्हते. पण पिठातला ओलावा जावा, कच्चट वास जावा, ते पचायला हलके व्हावे आणि लाडू टिकावा, हे सर्व ती साधीत होती. आज आपल्याला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. कच्चे पीठ हे शिजवून खावयाचे अन्न आहे. धान्याबरोबर शेतातले आणि साठवणीतले रोगजंतू त्यात येऊ शकतात आणि ते आचेनेच मरतात. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, हे कात्रणात खुलवून सांगितले होते आणि ते खरेही आहे. परंतु ते पीठ भाजावे, एवढा साधा शब्द जो गाळतो, त्याला कॅल्शियमचे गोडवे गाण्याचा अधिकार नाही.

मग विस्तवाशिवाय घरात काहीच करता येणार नाही काय? पुष्कळ करता येईल, आणि ते आपण पिढ्यानपिढ्या करीत आलो आहोत. कोकणातले दडपे पोहे घ्या: पातळ पोहे, ओले खोबरे, कांदा, मिरची, लिंबू, नारळाचे पाणी, दडपून ठेवले की काम झाले. गोकुळाष्टमीचा काला घ्या. मेतकूट घालून कालवलेले दही-पोहे घ्या. गणपतीपुढची खिरापत घ्या. खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस अशा पाच 'ख'कारांचे ते पंचखाद्य. पण ह्यातली मेख ध्यानात घ्यावी. पोहे होण्यापूर्वी भात भिजून, तापून, कांडून निघालेला असतो. चुरमुरे आणि लाह्या तापल्या वाळूतून किंवा कढईतून आलेल्या असतात. डाळे म्हणजे भाजून सोललेले हरभरे. मेतकुटातली प्रत्येक डाळ आधी भाजलेली असते. आपल्या घरी आच लागली नाही, कारण ती दुसऱ्या कोणाच्या हातून आधीच लागून गेली होती. आपण विस्तव टाळला नाही. फक्त तो भडभुंज्याकडे सोपवला.

दुसरा शब्द 'पौष्टिक'. ह्या शब्दाची तर आपण पार उलथापालथ केली आहे. पुष्टी देते ते पौष्टिक. आमच्या आईच्या तोंडी हा शब्द बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवाला, अळिवाच्या लाडवाला, तालमीत जाणाऱ्या पोराच्या बदाम-दुधाला आणि थंडीतल्या मेथीच्या लाडवाला लागे. म्हणजे ज्याला अंगी मांस धरावयाचे आहे, ज्याची झीज भरून यावयाची आहे, त्याचे ते अन्न. त्यात तूप पुष्कळ असे, आणि पुष्कळ असावे हाच हेतू असे. आज तोच शब्द आपण अंगावरचे मांस उतरवू पाहणाऱ्या माणसापुढे ठेवतो आणि तेच लाडू त्याला देतो! शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात, तिळातही तितक्याच. पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने देणारा दाणा हे उत्तम अन्न आहे, ह्यात शंका नाही. परंतु दिवसभर नांगरामागे चालणाऱ्या माणसाचे उत्तम आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाचे उत्तम ही दोन वेगळी उत्तमे आहेत. 'पौष्टिक' हे विशेषण एकटे उभे राहू शकत नाही. त्याला 'कोणाला' आणि 'किती' हे दोन प्रश्न चिकटलेले आहेत. कात्रणाने दोन्ही प्रश्न कापून टाकले होते.

तिसरा शब्द सर्वांत घातक: 'साखर नाही'. येथे मराठी व्याकरणाची एक बारीक गोष्ट आहे. 'साखर घातलेली नाही' आणि 'साखर नाही' ही दोन वाक्ये एकच नव्हेत. पहिले करणाऱ्याविषयी बोलते, दुसरे पदार्थाविषयी. कात्रणाने पहिले खरे होते म्हणून दुसरे छापले. सुक्या खजुराच्या शंभर ग्रॅमांत सुमारे पासष्ट ग्रॅम साखरच असते. आता हिशेब मांडू या. कृतीत दोनशे ग्रॅम खजूर आणि शंभर ग्रॅम सुका मेवा, त्याचे दहा लाडू. म्हणजे तीस ग्रॅमच्या एका लाडवात वीस ग्रॅम खजूर, आणि त्यात तेरा ग्रॅम साखर. आक्का खाई तीन. झाले एकोणचाळीस ग्रॅम. म्हणजे चहाचा चमचा पाच ग्रॅमांचा धरला तर जवळजवळ आठ चमचे. ताडून पाहावे म्हणून मी आमच्या घरच्या बेसन-लाडवाचे माप काढले. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, चारशे ग्रॅम पिठीसाखर. त्या मापाने तीस ग्रॅमच्या लाडवात साखर दहा ग्रॅमांच्या आसपास पडते. बिचारा बेसनाचा लाडू वर्षानुवर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे आणि त्याच्याहून गोड असलेला पंचांत बसला आहे!

खजुराची बाजूही मांडली पाहिजे. त्यात तंतू असतात, त्यामुळे साखर काहीशी सावकाश भिनते. शिवाय इतर क्षार असतात. नुसत्या साखरेपेक्षा तो केव्हाही बरा. पण बरा म्हणजे मोकळा नव्हे. गुळाचेही तेच. त्यात थोडे क्षार अधिक असतात, हे मान्य. तरी तो मुख्यतः उसाची साखरच आहे. मधही तसाच, आणि एक वर्षाच्या आतल्या बालकाला मध मुळीच देऊ नये, ही सूचना अशा कृतींत हटकून राहून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली, तेव्हा मधालाही त्याच हिशेबात धरले. दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली, आणि जमल्यास पाच टक्क्यांखाली, म्हणजे मोठ्या माणसाला पंचवीस ग्रॅमांच्या आसपास. अख्ख्या फळातली साखर त्या हिशेबात येत नाही. पण मधुमेह्याचे रक्त ही सवलत मानीत नाही.

आक्काला हे सारे समजावून सांगितले, तेव्हा ती माझ्यावरच डाफरली. "अरे, साखर आहे हे कळले असते तर एकच खाल्ला असता, आणि साखर खाल्ल्याचे सुख तरी मिळाले असते! इथे औषध खाल्ल्यासारखे तीन-तीन खाल्ले." मी आजवर वाचलेल्या कोणत्याही टीकेपेक्षा ही टीका मला नेमकी वाटते. खोट्या विशेषणाने दोन्हीकडून नुकसान होते. प्रकृतीही जाते आणि आनंदही जातो.

येथे कोणी म्हणेल की जुने ते सोने, आणि नव्या पाककृती तेवढ्या पितळ. मला तसे म्हणावयाचे नाही. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे 'सूपशास्त्र' निघाले, तेव्हापासून मराठीत पाकशास्त्र छापले जात आहे, आणि जुन्या पाककृतींचेही काही दोष होते. 'बेताचे', 'अंदाजाने', 'चवीपुरते' ह्या शब्दांवर त्यांची मदार असे. ते शब्द खोटे नव्हते. पण ते वाचणाऱ्या मुलीच्या शेजारी सासू किंवा आई उभी आहे, असे त्यांनी गृहीत धरलेले होते. कुटुंबे लहान झाली, शेजारी उभे राहणारे माणूस गेले, आणि 'अंदाज' पोरका झाला. १९७० साली कमलाबाई ओगले ह्यांची 'रुचिरा' आली, ती घराघरांत शिरली ह्याचे एक मोठे कारण हेच की, त्यांनी घरातल्या वाटीचे आणि चमच्याचे माप वाचकाच्या हाती दिले. ज्याच्या शेजारी कोणी नाही, त्याच्या शेजारी ते पुस्तक उभे राहिले. पाककृतीच्या लेखकाची नैतिक जबाबदारी ह्याहून वेगळी ती काय असते?

आणि नव्या प्रकाराच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. आमच्या फराळाचे आपण गोडवे गातो, पण तो धगीपुढे तासन् तास उभे राहणाऱ्या बायकांच्या कमरेवर उभा होता. बिनतळणाचा, बिनभट्टीचा, थोडक्या वेळात होणारा खाऊ बारा वर्षांच्या मुलीला, वसतिगृहातल्या मुलाला, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला स्वतःच्या हाताने करता येतो, ही लहान गोष्ट नव्हे. म्हणूनच तो प्रकार टिकला पाहिजे; आणि टिकावयाचा असेल तर त्याची भाषा सुधारली पाहिजे.

केवळ दोष दाखवून टीकाकाराने उठू नये, असे मी नेहमी म्हणतो. तेव्हा दसऱ्याला मी, आक्का आणि नात असे तिघे बसलो. कात्रण जोडले, त्याच्याखाली कोरा कागद ठेवला आणि नवी कृती लिहिली. पोरगी आधी यायला तयार नव्हती. आक्काच म्हणाली, "ये गं, माझी जीभ तुझ्याच हाताला चटावली आहे. तूच आता ताळ्यावर आण."

ती कृती अशी: भाजून सोललेले शेंगदाणे १२० ग्रॅम, भाजलेले तीळ ४० ग्रॅम, डाळे ६० ग्रॅम, बी काढलेला मऊ खजूर ८० ग्रॅम, चिमूटभर सुंठ आणि वेलची. दाणे आणि तीळ मोठ्या माणसाने मंद आचेवर भाजून द्यावेत, किंवा बिनमिठाचे भाजलेले दाणे विकत आणावेत. खवट किंवा बुरशी लागलेला एकही दाणा घेऊ नये. बुरशीचे विष भाजल्याने पुरते जात नाही. डाळे आधी बारीक करावे, मग दाणे आणि तीळ तेल सुटू लागेपर्यंत वाटावे, शेवटी खजूर घालून सारे एकजीव करावे. वळत नसेल तर कोमट तूप एक चमचा. ह्याचे लहान सुपारीएवढे नव्हेत आणि लिंबाएवढेही नव्हेत, तर १५ ग्रॅमांचे वीस लाडू होतात. डब्यात घट्ट झाकून ठेवावेत आणि आठवड्यात संपवावेत. दाण्याचे वावडे असलेल्याला देऊ नयेत. एका लाडवात साखर सुमारे तीन ग्रॅम, कॅलरी सुमारे सत्तर. आक्काला डॉक्टरांनी दिवसाला एक लाडू, तोही जेवणाच्या हिशेबात धरून, मंजूर केला आहे.

आकडे मी घातले, मापे नातीने तराजूवर काढली. नाव काय द्यावे, ह्यावर बराच खल झाला. नातीला 'पौष्टिक' हवे होते. मी ते खोडले. मला 'बिनभट्टीचे' हवे होते; आक्का म्हणाली, "लाडवाला भट्टी कुणी विचारली होती?" अखेर पोरीने आपल्या अक्षरात 'भाजलेल्या दाण्यांचे लाडू' असे लिहिले आणि तिच्या आक्काआजीच्या सांगण्यावरून खाली एक ओळ जोडली: 'साखर आहे. किती ते वर लिहिले आहे.'

वाचकहो, चाळीस वर्षे मी पुस्तकांवर लिहीत आलो. इतके स्वच्छ शेवटचे वाक्य फार थोड्या पुस्तकांत मला आढळले. ह्या दिवाळीत आमच्या ताटात बेसनाचा लाडू आहे, चकली आहे, आणि एका कडेला ते पंधरा ग्रॅमांचे लाडूही आहेत. कोणता किती खावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. ताटात काय आहे, हे मात्र ज्याने वाढले त्याने खरे सांगावे.